कमानीसाठी भरवलेली सभा

सरकारला तरुणांची आठवण कधी येईल ते सांगता येत नाही, पण येते ती परिपत्रकातूनच. ह्या खेपेला ती देवखाजणच्या ग्रामपंचायतीत आली तेव्हा सरपंचबाई, म्हणजे सदानंद मास्तरांची सून संचिता, कपाटाची किल्ली शोधत होत्या. परिपत्रक मास्तरांनीच वाचलं. तसं पंचायतीत येणारं सगळं तेच वाचत. पाटी संचिताच्या नावाची, खुर्ची संचिताची, आणि खुर्चीशेजारच्या बाकावरून "हय सही कर, आणि हय" म्हणून कागदावर टेकणारं बोट मास्तरांचं. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा मास्तरांनी लोकशाहीचा तो निर्णय मोठ्या मनाने स्वीकारला होता आणि सुनेचा अर्ज स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला होता. मुलगा बोटीवर, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्नच आला नाही. संचिताला विचारायचा प्रश्न तर कुणाच्या डोक्यातच आला नाही.

परिपत्रकात म्हटलं होतं की गावाचा आराखडा ठरवताना यापुढे तरुणांचा सहभाग हवा. त्यांची वेगळी सभा भरवावी, अध्यक्ष त्यांच्यातलाच असावा, आणि त्यांनी मागितलेल्या कामासाठी थोडा निधी राखून ठेवला आहे. मास्तरांनी चष्मा पुसला आणि शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग तरुण पिढीबद्दल त्यांच्या मनात एकदम माया दाटून आली.

त्यांना गावाच्या वेशीवर कमान बांधायची होती. जांभ्या दगडाची, वर कौलांची टोपी, आणि मधोमध वडिलांचं नाव. तात्या हडकर गावचे पहिले सरपंच. त्यांनी शाळा आणली, एसटी आणली, आणि गावाने त्यांची आठवण म्हणून काय ठेवलं, तर शाळेच्या व्हरांड्यात एक फोटो, त्याच्याही मागे चिमणीने संसार थाटलेला. मास्तर स्वतः तीनदा सरपंच झाले, तिन्ही वेळा कमानीचा विषय काढला, आणि तिन्ही वेळा कुणी ना कुणी "आधी पाण्याचा बघा" म्हणून मोडता घातला. आता पंचाहत्तरी आली, गुडघे कुरकुरायला लागले. बापाचं नाव दगडावर कोरलेलं डोळ्यांनी बघावं, एवढी एकच हौस उरली होती. त्यात खोट काही नव्हती. तात्यांवर त्यांचा खरोखरच जीव होता. अडचण इतकीच की कमान आता तरुणांनी मागायला हवी होती.

तरुणांना कमान हवीशी कशी वाटेल, ह्यावर त्यांनी फार डोकं शिणवलं नाही. घरात निहार होता. हा त्यांचा नातू, संचिताचा मुलगा, मालवणात पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवण्याच्या कामावर जाई आणि संध्याकाळी खारट केसांनी घरी येई. मास्तरांनी त्याला अध्यक्ष नेमला. अध्यक्ष सभेत निवडायचा असतो, असं निहारने सांगून बघितलं.

"सभेत निवडूयाच रे," मास्तर म्हणाले. "आदी ठरवन ठेवलेला बरा आसता."

सभेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गावातली पोरं खळ्यात बोलावली. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. बटाटेवडे झाले, चहा झाला, आणि मास्तरांनी तात्यांवर भाषण केलं. पोरांनी वडे मनापासून खाल्ले आणि भाषण आदराने ऐकलं. मग मागच्या बाजूला बसलेल्या अवनीने विचारलं, "मोठे आबा, सभेत विषय एकच?"

अवनी ही मास्तरांच्या धाकट्या भावाची, भाईची, नात. कुडाळला कॉलेजात जाते. ती ह्या खळ्यात आली हेच नवल होतं, पण गावातल्या सगळ्या तरुणांना बोलवा म्हटल्यावर तिला कोण अडवणार?

"एकच," मास्तर म्हणाले. "एकच काम धरला की तडीक जाता."

"आमका गडग्याचो विषय घेवचो होतो."

वड्याला पुढे झालेला एक हात तसाच थांबला.

हा गडगा, म्हणजे चिऱ्यांची कुंपणभिंत, मास्तरांच्या आणि भाईच्या बागेच्या मधोमध उभा होता. पूर्वी तिथून पायवाट जायची. खाडीकाठच्या खालच्या वाडीतली माणसं दोन्ही भावांच्या माडांमधून सरळ हायस्कूलकडे आणि एसटीच्या थांब्याकडे निघायची. मग एका निवडणुकीत मास्तर थोडक्यात पडले. भाईने दुसऱ्या पॅनेलला मत दिल्याचं त्यांच्या कानावर आलं, आणि निकालाचा गुलाल उतरायच्या आत त्या वाटेवर डोक्याएवढ्या उंचीची भिंत उभी राहिली. कुणी विचारलंच तर मास्तर सांगत, "गुरां शिरतत." पुढे गावातली गुरं एकेक करून विकली गेली. गडगा तेवढा राहिला. खालच्या वाडीची मुलं तेव्हापासून खारबंधाऱ्यावरून, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावरून, वळसा घालून शाळेत जातात, आणि उधाणाच्या दिवशी गुडघाभर पाण्यातून, दप्तर डोक्यावर घेऊन. दोघा भावांचं बोलणं तेव्हापासून बंद. थोरली बहीण अक्का काही महिने इकडे आणि काही महिने तिकडे राही, आणि तो वळसा वारंवार नको म्हणून जिथे असेल तिथला मुक्काम लांबवी.

"तो घरातलो विषय," मास्तर म्हणाले. "घरातले विषय सभेत काढूचे नसतत."

"पोरांका पाण्यातसून जावचा लागता, तोय घरातलोच विषय?" निहारने विचारलं.

"विषयपत्रिकेत नाही," मास्तर म्हणाले.

मास्तर मालवणी सोडून पुस्तकी मराठीत शिरले की विषय संपला, हे हडकरांच्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. पोरं उठली. अवनी जाताना अक्काच्या पाया पडली आणि लांबच्या वाटेने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी रवळनाथाच्या देवळातल्या सभामंडपात सभा भरली. तालुक्याहून विस्तार अधिकारी मॅडम आल्या होत्या. घाटावरच्या, नुकत्याच बदलून आलेल्या, उत्साही. मास्तरांनी त्यांना शहाळं दिलं, तात्यांची माहिती दिली आणि "आमच्या गावात सगळं एकमताने होतं" हेही सांगून टाकलं. खुर्च्यांच्या पुढच्या रांगा ज्येष्ठ नागरिकांनी सकाळपासूनच धरल्या होत्या. ज्यांची सभा ते तरुण मागे खांबांना टेकून उभे होते. संचिता सरपंचांच्या खुर्चीत, पदर सावरून, नेहमीसारखी गप्प बसली होती. आणि सगळ्यांत मागे, चपलांच्या ढिगाजवळ, भाई येऊन बसला होता. नात बोलणार म्हटल्यावर त्याला घरी बसवेना.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे तो कुठे बसलाय ते नीट बघून घेतलं.

"सुरू करूया?" मॅडम म्हणाल्या.

"आदी गाऱ्हाणा," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

बरोबरच होतं. ह्या मुलखात लग्न असो, होडी पाण्यात लोटायची असो की क्रिकेटचे सामने असोत, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कशाला हात लागत नाही. एकाने उभं राहून सगळ्यांच्या वतीने देवाला काय हवं ते सांगायचं, आणि प्रत्येक मागणीनंतर बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. इथलं मूल बोलायला शिकतं त्या सुमारालाच हेही शिकतं. व्हय म्हणताना कुणी विचार करत नाही, आणि नाही म्हणायची तर गाऱ्हाण्यात सोयच नाही.

गावात गाऱ्हाणं घालायचा मान भाईचा. आवाज असा की खाडीपलीकडच्या गावातही देव जागा व्हावा. पण भाईला गाऱ्हाणं घाल म्हणायचं, तर आधी भाईशी बोलायला हवं. माणसं माना वळवून एकदा मास्तरांकडे आणि एकदा चपलांच्या ढिगाकडे बघायला लागली. मॅडमही बघायला लागल्या. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. आणि अडल्या वेळी माणसाला जसं काहीही सुचतं, तसं त्यांना सुचलं.

"आज सगळा कारभार युवकांच्या हाती आहे," ते मॅडमकडे बघून शुद्ध मराठीत म्हणाले. "तेव्हा गाऱ्हाणंही युवकच घालतील. निहार, हो पुढे."

निहार पुढे झाला, घसा खाकरला आणि हळूच म्हणाला, "आबा, माका येणा नाय. अवनीक येता. ती भाईआजोबांचा ऐकतच वाढली."

"चेडू गाऱ्हाणा घालतला?" पुढच्या रांगेतले एक गृहस्थ अर्धे उठले.

मास्तरही तेच म्हणणार होते. शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या, "किती छान! मुलगी प्रार्थना म्हणणार? सर, तुमचं गाव खरंच पुढे आहे हो." आता पुढे असलेल्या गावाला मागे कसं यायचं? मास्तरांनी उठलेल्या गृहस्थांना हातानेच बसवलं आणि अवनीला मानेने हो म्हटलं. मग त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात कमानीवरच्या अक्षरांची उंची ठरवायला घेतली.

अवनीने ओढणी खांद्यावर घट्ट केली. आवाज भाईचाच होता, फक्त कोवळा.

"बा देवा रवळनाथा! आज तुझ्या पायांकडे गावची ल्हानथोर लेकरां जमलेली आसत, तेंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप घुमला.

"कोणाचा पोट होडयेर आसा, कोणाचा बागायतीर, कोणाचा पर्यटकांर, त्या सगळ्यांका सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज गावान पोरांच्या हातात कारभार दिलो आसा, तर तेंचो शबुद खाली पडूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मास्तरांना हे वाक्य आवडलं. मुलीत तात्यांचं रक्त आहे, असं वाटून गेलं.

"खालच्या वाडीची पोरां उधाणाच्या पाण्यातसून, दप्तर डोक्यार घेवन शाळेत जातत, तेंका सुकी वाट गावू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या वाटेर हडकरांचो गडगो आसा, तो कोणाच्या मनाक न लागता उतरू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मास्तरांनी डोळे उघडले. मंडपात सगळ्यांत खणखणीत आवाज कुणाचा होता हे त्यांना कळलं, आणि तो आपलाच होता हेही कळलं. तोंड मिटायच्या आत पुढची मागणी आली. वाटेवर दिवे लागू दे, आणि तरुणांसाठी आलेला निधी तिथेच कामाला येऊ दे. त्यावरही मंडप व्हय म्हणाला. "आणि कोणी ह्येच्यात खोडो घालूक बघल्यान, तर तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!" ह्यावर तर पुढच्या रांगेतले ते अर्धे उठलेले गृहस्थही व्हय म्हणाले. मागे भाईचा आवाज सुरुवातीपासून लागला होता. तो गडग्यावर अडखळला, पण सवय दांडगी, शेवटाला पुन्हा लागला.

पोरं खांबांना टेकून जमिनीकडे बघत होती. मॅडम मात्र भराभरा लिहीत होत्या.

"आवाजी मतदानाने, एकमताने," त्या लिहितालिहिता म्हणाल्या. "इतकं सुंदर एकमत मी कुठे पाहिलं नाही हो. आमच्याकडे एका गटारावरून दोन तास भांडतात."

"मॅडम," मास्तर उठले, "आपला थोडा गैरसमज होतोय. ही प्रार्थना होती. सभा आता सुरू होईल. पहिला विषय कमानीचा."

"प्रार्थना होती?" मॅडमनी पेन थांबवलं. "पण सगळे होय म्हणाले. तुम्हीसुद्धा. मग ते खरं नव्हतं का?"

साधा प्रश्न होता. घाटावरच्या बाईने सरळ मनाने विचारलेला. पण तो रवळनाथासमोर विचारला गेला होता. सगळा गाव मास्तरांकडे बघत होता. देवापुढे दिलेला शब्द आपण सहज, सवयीने दिला होता, हे मूर्तीकडे पाठ करून सांगायची छाती देवखाजणात अजून तरी कुणाची झालेली नाही. मास्तरांनी गाभाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसले.

"खरा होता," ते म्हणाले, तेही मालवणीत.

कमानीचा विषय निहारने काढला, अगदी प्रामाणिकपणे, शिकवलं होतं तसा. मॅडम म्हणाल्या की छानच कल्पना आहे, पण निधी आता दिव्यांना गेला. पुढच्या वर्षी बघू.

मास्तर कागदावरच्या सह्यांना न थांबता घरी आले ते सरळ पडवीतल्या झोपाळ्यावर बसले आणि जेवायलाही उठले नाहीत. दुपार टळली. बागेच्या टोकाकडून ठक्, ठक् असा आवाज यायला लागला. पहारीने चिरा सुटा केल्याचा आवाज असतो तसा. निहार सभेहून घरी आलाच नव्हता.

"लगेच लागली कामाक," मास्तर म्हणाले. "एरवी नारळ सोलूक सांगला तर संध्याकाळ करतत."

अक्का सुपात कोकमं निवडत होती. ह्या बाईने घरात कधी आवाज चढवला नाही. तिला तशी गरजच पडत नसे.

"सदा, एक विचारू? ती वाट कोणी काढलेली?"

"माका काय विचारतंस? तात्यांनी."

"तेंनीच. खालच्या वाडीची पोरां शाळेत येयत नव्हती, म्हणान आपल्या बागेतली जमीन सोडल्यानी. तू तेच्यार गडगो घातलंस, आणि आता वेशीर कमान बांधूक निघालंस. माका म्हातारेक काय कळता म्हणा."

मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेली गोष्ट कुणी समोर मांडली की ती वेगळी दिसते. तात्यांच्या बोटाला धरून ते स्वतः ह्याच वाटेने पहिल्यांदा शाळेत गेले होते. त्यांना अक्काचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि स्वतःचा राग फार वेळ धरून ठेवणं कठीण म्हणून ते पोरांवर चिडले.

तिन्हीसांजेला खळ्यात कुणाची तरी धाप ऐकू आली. भाई होता. खारबंधाऱ्यावरून वळसा घालून आला होता आणि पायरीशी येऊन उभा राहिला होता. भाईचे केस पुरते पांढरे झाले होते. मास्तरांनी ते लांबून पाहिले होते, पण जवळून आजच पाहिले.

"दादा," भाई म्हणाला.

"ये. बस."

एवढं बोलायला दोघांनी किती वर्षं घेतली होती! अक्का उठली आणि चहा ठेवायला आत गेली. तिने पदर डोळ्यांना लावला तो चुलीच्या धुराने नव्हे. घरात गॅस होता.

"पोरांनी बरा केल्यानी नाय," भाई बसत म्हणाला.

"तुझ्या नातीन."

"तुझ्या नातवान शिकयल्यान."

"काय शिकयतलो? तेका गाऱ्हाणा येयत नाय!"

"ताच तर," भाई म्हणाला. पण नातीचा आवाज मंडपात कसा लागला, हे आठवून त्याचा चेहरा क्षणभर खुलला. "दादा, माझो खुराडो त्या गडग्याक लागान आसा. कोंबड्यो खंय ठेवू? आणि माझ्या होम-स्टेचा तुका म्हायत आसा मां? पुण्यासून लोकां येतत, ती त्या गडग्याक टेकान फोटो काढतत. शेवाळ आसा तेच्यार, ता तेंका आवडता. बेडरुमांपेक्षा गडग्याचे फोटो जास्त निघतत!"

मास्तर चकित झाले. "म्हंजे तुका गडगो होयो?"

"होयो म्हंजे? बरो उभो आसा."

"माका वाटला, तुका तेचो राग आसा."

"पयल्या वर्षी होतो. मगे सवय झाली."

मास्तरांना एकाएकी फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत ह्या गडग्याबद्दल कुणी चांगला शब्द काढला नव्हता, आणि काढला तो सख्ख्या भावाने. शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचं. दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या. चहा आला, भाईने बशीत ओतून फुंकर मारली, अगदी तात्यांसारखी, आणि पोरांचा बेत कसा मोडायचा ह्यावर दोन भावांचा खल सुरू झाला.

"चेडवान घातलेला गाऱ्हाणा धरतत?" मास्तर म्हणाले. "मान तुझो आसा. तू परत घाल."

"काय म्हणान?"

"गडगो ऱ्हवू दे रे म्हाराजा, म्हणान."

"आणि व्हय म्हाराजा कोण म्हणतलो?" अक्काने आतून विचारलं. "तुमी दोघा?"

हा मुद्दा दोघांनी सोडून दिला. बागेच्या टोकाला ठक् ठक् चालूच होती. चहाचा शेवटचा घोट घेताना मास्तरांना राहवेना. इतकं जवळ बसल्यावर मनातलं मनात ठेवणं बरं नव्हे.

"भाई, त्या निवडणुकीक तू तेंका मत कित्याक दिलंस रे?"

"खंयच्या?"

"मी पडलंय त्या."

"त्या येळाक?" भाईने बशी खाली ठेवली. "मी मताक गेलंयच नाय. ताप भरलेलो. अक्का होती माझ्याकडे, विचार तिका."

अक्का दारात येऊन उभी राहिली. तिने मान हलवली.

"मगे माका सांगूक नाय तुमी?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"तू विचारलंस खंय?" भाई म्हणाला. "तू डायरेक गडगोच घातलंस."

मास्तरांना हसू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. छातीत काहीतरी जड, दगडासारखं होतं आणि ते कुणी पहारीने काढण्यासारखं नव्हतं. भाईला ते दिसलं असावं. तो घाईने म्हणाला, "असूदे रे. झाला ता झाला. आता गडग्याचा बघ."

"बघूक होया," मास्तरांनी घसा साफ केला. "देवाचं देव बघेल. कायद्याने जोवर ठरावावर सरपंचांची सही नाही, तोवर तो ठरावच नाही." त्यांना पुन्हा पुस्तकी मराठीचा आधार सापडला होता. "संचिता! गो संचिता! तो सभेचो कागद घेवन ये. मी सांगतंय तसा लिव."

संचिता पदराला हात पुसत बाहेर आली. तिने कागद आणला नव्हता.

"आबा, तो मॅडमांबरोबर गेलो. सही करून दिलंय मी."

"सही केलंस? खंय करूची ती कोणी दाखयल्यान?"

"कोणी नाय," ती म्हणाली. ती लगेच आत गेली नाही. "अडीच वर्षां तुमी बोट ठेवलास थय सही केलंय. आज तुमचा बोट नव्हता, म्हणान पयल्यांदाच आख्खा वाचलंय. वाचून केलंय सही. माका पटला ता."

मास्तर उभे राहिले आणि पुन्हा बसले. चाळीस वर्षं त्यांनी वर्गावर्गांतून पोरांना बजावलं होतं की न वाचता कुठेही सही करू नये. ते सुनेकडे बघत राहिले. ही मुलगी लग्न होऊन आल्यापासून तिला एवढं लांब बोलताना त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि तिचा चेहरा असा उजळलेला असतो हेही त्यांनी पाहिलं नव्हतं.

"बरा झाला," अक्का म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिने सांगितलं नाही.

अंधार पडत आला. भाई जायला उठला, आणि काळोखात खारबंधाऱ्यावरून जायचं म्हणून त्याने धोतर वर खोचलं. त्याचाही एक गुडघा धड नव्हता. भरतीची वेळ होती.

"खंय त्या पाण्यातसून जातंस?" मास्तर म्हणाले. "थांब. बॅटरी घेतंय."

दोघं माडांमधून बागेच्या टोकाशी आले. पोरांनी रांग लावून चिरे बाजूला रचले होते. गडगा अजून दोन्ही अंगांना उभा होता, पण मधोमध माणूस जाईल एवढी वाट पडली होती. म्हाताऱ्यांना बघून पोरं थबकली. निहारने हातातली पहार पाठीमागे धरली, जणू ती त्यामुळे दिसणार नव्हती. कुणी ओरडेल म्हणून सगळी वाट बघत होती. मास्तरांना ओरडायचंही होतं. पण आधी भाईला पलीकडे पोचवायला हवं होतं.

"सावकाश, मोठे आबा," अवनी पुढे झाली. "हो चिरो हलता."

तिने एक हात मास्तरांना दिला, एक भाईला. दोघं सुट्या चिऱ्यांवरून पाय चाचपत पलीकडे उतरले. मास्तरांना भाईच्या बागेचा वास आला, ओल्या सुपारीचा आणि कोंबड्यांचा. किती वर्षांनी आला. ते क्षणभर तिथेच उभे राहिले आणि त्यांनी भाईच्या दंडावरचा हात काढला नाही.

"असा चलाचा नाय, भाई," मग ते म्हणाले. "तालुक्याक अर्ज करूया. गडगो परत उभो ऱ्हवूकच होयो."

"ऱ्हवूकच होयो," भाई म्हणाला. "सकाळी बसूया. न्हेरी झाली की मी येतंय तुझ्याकडे."

"ये. बंधाऱ्यार निसरडा आसता सकाळचा, बघून ये."

"बंधाऱ्यार कित्याक?" भाई म्हणाला. "हयसूनच येतंय. ह्या वयात फिरान कोण येतलो?"